विजेत्याची सायकल कशी ओळखायची? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

शर्यतीच्या जुन्या सायकली, त्यातही नामवंत विजेत्यांनी चालवलेल्या सायकली जमवणाऱ्यांची पत्रं वाढली आहेत. त्यातल्या निवडक पत्रांना या वेळी उत्तरं देत आहोत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : बेल्जियममधला एक विक्रेता ‘मोल्तेनी’ संघाची नारिंगी सायकल बेल्जियन विजेता एडी मर्क्सने १९७२ मध्ये चालवलेली म्हणून विकतो आहे. सोबत अस्सल असल्याचं प्रमाणपत्र देतो. किंमत एका लहान मोटारीइतकी आहे. पैसे पाठवण्याआधी काय तपासावं? (पुणे)

उत्तर : प्रमाणपत्र सध्या बाजूला ठेवा. त्यावर फ्रेमचा क्रमांक किंवा मापं, शर्यतीचं नाव आणि सायकल कोणाकडून कोणाकडे गेली याची साखळी नसेल, तर तो नुसता जाड कागद आहे. आधी विक्रेत्याकडून त्याचा नेमका दावा लेखी घ्या. ‘मर्क्सच्या सायकलीसारखी’, ‘मोल्तेनी संघाची’, ‘मर्क्ससाठी बांधलेली’ आणि ‘मर्क्सने अमुक शर्यतीत चालवलेली’ हे चार निरनिराळे दावे आहेत. दर पायरीला किंमत कित्येक पटींनी चढते आणि ‘मर्क्सची सायकल’ एवढंच म्हटलं की चारही त्यात खपून जातात.

नारिंगी रंग आणि नळीवरचं नाव यांवरून काहीच सिद्ध होत नाही. मर्क्स १९७१ ते १९७६ मोल्तेनीकडून शर्यती खेळला. त्याच्या कारकिर्दीत फालिएरो मासी, एर्नेस्तो कोल्नागो आणि पुढे उगो दे रोझा अशा इटालियन कारागिरांनी त्याच्यासाठी फ्रेमा बांधल्या. त्याच काळात ओस्टेंडच्या केसेल्स कारखान्याने परवाना घेऊन ‘एडी मर्क्स’ नावाच्या सायकली बनवल्या आणि त्या दुकानांतून कोणालाही मिळत. १९८० मध्ये मर्क्सचा स्वतःचा कारखाना निघाला, तिथेही मोल्तेनी नारिंगीत रंगवलेल्या फ्रेमा निघाल्या. या सायकली चांगल्याच आहेत, पण मर्क्स त्यांच्यावर कधी बसलेला नाही. आणि कोणी १९७२ ची एका तासाच्या विक्रमाची सायकल देऊ करत असेल तर बोलणं तिथेच थांबवा. २५ ऑक्टोबर १९७२ ला मेक्सिको सिटीत ज्या कोल्नागोवर मर्क्सने ४९.४३१ किलोमीटर कापले, ती ब्रुसेल्समधल्या त्याच्याच नावाच्या मेट्रो स्थानकात काचेमागे उभी आहे.

मग फ्रेम मोजा. बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचा अ‍ॅक्सल ज्यातून जातो त्या फ्रेमच्या तळाच्या आडव्या नळीच्या) मध्यापासून सीटच्या नळीच्या वरच्या कडेपर्यंत टेप धरा. मर्क्स जवळपास सहा फूट उंच. माप ५३-५४ सेंटिमीटर भरलं तर ती सायकल त्याची नाही. सीट पोस्ट, म्हणजे सीट धरणारा दांडाही बघा. मर्क्स सीटची उंची सारखी बदलायचा, १९६९ मध्ये ब्लुआच्या ट्रॅकवर झालेल्या अपघातानंतर तर फारच. त्यामुळे पोस्टवर एकच कडं न उमटता दोन-तीन सेंटिमीटरच्या पट्ट्यात क्लॅम्पचे बरेच ओरखडे असतील तर ती जमेची बाजू. पुरावा मात्र नव्हे, कारण पोस्ट बदलायला दोन मिनिटं लागतात.

खरा निकाल छायाचित्रांवर लागतो. त्या वर्षीच्या शर्यतींची मोठी, स्पष्ट छायाचित्रं वृत्तसंस्थांच्या संग्रहातून विकत घ्या. मोबाइलवर फिरणारी कामाची नाहीत. चेनच्या बाजूने घेतलेली आणि सायकल उभी असताना घेतलेली निवडा. आधी कारखान्याच्या खुणा जुळवा : लगची (नळ्या जोडणाऱ्या पोलादी सांध्यांची) टोकं आणि त्यांतल्या खिडक्या, मागच्या दोन नळ्या सीटच्या लगला जिथे झाळल्या आहेत तिथल्या टोप्यांचा आकार, फोर्कचा (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याचा) माथा, गिअरची केबल बॉटम ब्रॅकेटच्या वरून जाते की खालून, वरच्या नळीखाली शर्यतीचा क्रमांक लावायची पट्टी आहे का. हे सगळं जुळलं तरी एवढंच ठरतं की फ्रेम त्या कारागिराची आणि त्या काळातली आहे. ‘हीच ती’ म्हणायला कारखान्यात न झालेल्या खुणा लागतात : एका बाजूला तिरकं बसलेलं स्टिकर, पंपाने घासून गेलेला रंग, पडल्यावर लगला आलेली खोक. अशा निदान दोन खुणा, त्याच जागी, त्याच आकारात दिसल्या पाहिजेत. एक जुळली आणि दुसरी जुळत नसेल, तर त्या दोन तारखांच्या मध्ये फ्रेमला पुन्हा रंग दिला होता का हे शोधा. संघाच्या फ्रेमा हंगामाच्या मधेच रंगवून घेण्याची पद्धत होती.

रंगाची परीक्षा अंधाऱ्या खोलीत करायची. ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च घ्या आणि सीटच्या लगपासून सुरुवात करा, कारण दुरुस्ती तिथेच जास्त होते. जुन्या रंगावर उजेड एकसारखा पसरतो. नंतर लावलेला रंग किंवा वार्निश वेगळ्या छटेत उठून दिसतं. कधी निळसर-पांढरं, कधी अगदी काळपट. स्टिकरच्या कडेला वार्निशची पायरी दिसते का तेही बघा. मग फोर्क काढायला सांगा. फोर्कच्या नळीवर, बॉटम ब्रॅकेटच्या आत आणि ब्रेकच्या बोल्टच्या भोकात आधीच्या रंगाचे थेंब राहून जातात. नारिंगीखाली निळा निघाला तर गोष्ट बदलली. फोर्क काढू न देणाऱ्या विक्रेत्याला पैसे पाठवू नका.

मेकॅनिकचं किंवा खेळाडूच्या घरच्यांचं पत्र असेल तर ते कधी लिहिलं हे महत्त्वाचं. विक्रीच्या महिनाभर आधी, चाळीस वर्षांपूर्वीच्या आठवणीवर लिहिलेल्या पत्राचं वजन कमी. हंगाम संपताना सायकल हातात देताना लिहिलेली चार ओळींची चिठ्ठी त्यापेक्षा कितीतरी मोलाची.

प्रश्न : माझी इटालियन सायकल १९६९ ची आहे असं सांगून मला विकली गेली. मागच्या डिरेलरवर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागावर) ‘पेटंट-७४’ असं कोरलेलं दिसलं. फसवणूक झाली का? (ठाणे)

उत्तर : तेवढ्यावरून नाही. शर्यतीच्या सायकलीचे सुटे भाग झिजतात, मोडतात, बदलले जातात. फ्रेमपेक्षा नवा भाग असणं साहजिक आहे. विक्रेत्याने फक्त ‘सगळे भाग मूळचे’ असं म्हणायला नको होतं.

काम्पान्योलो या इटालियन कंपनीच्या भागांवर वर्ष वाचता येतं, म्हणून सगळे भाग एकदा तपासून कागदावर मांडा. तिच्या न्युओवो रेकॉर्ड डिरेलरवरचा ‘पेटंट’पुढचा आकडा म्हणजे वर्ष. हबच्या लॉकनटवर ‘कॅम ७२’ अशी खूण असते. क्रँकच्या (पेडल ज्याला बसतं त्या दांड्याच्या) आतल्या अंगाला चौकोनी हिऱ्यात एक अंक असेल तर तो सत्तरच्या दशकातला, वर्तुळात असेल तर ऐंशीच्या. क्रँकला दातेरी चकती ज्या पाच बोल्टनी बसते त्यांच्या वर्तुळाचा व्यास १५१ मिलिमीटर असेल तर क्रँक साधारण १९६७ च्या आधीची, १४४ असेल तर नंतरची. जपानी शिमानोच्या भागांवर दोन रोमन अक्षरं असतात : पहिलं वर्षाचं, १९७६ ला ‘ए’ धरून पुढे, आणि दुसरं महिन्याचं. म्हणजे ‘आयसी’ हा मार्च १९८४.

पण खरी तारीख फ्रेमच सांगते, कारण झाळलेली गोष्ट सहजासहजी बदलत नाही. १९६९ च्या आसपासच्या फ्रेमवर बाटलीचा पिंजरा पट्ट्यांनी आवळलेला असायचा. नळीत बाटलीसाठी झाळलेले आटे असतील तर फ्रेम पुढची आहे किंवा नंतर बदललेली आहे. पुढच्या डिरेलरसाठी सीटच्या नळीला झाळलेला कान हीदेखील नंतरची गोष्ट. मागच्या चाकाच्या दोन खाचांमधलं अंतरही मोजा : १२० मिलिमीटर म्हणजे पाच चकत्यांच्या फ्रीव्हीलचा (मागच्या चाकावरच्या दातेरी संचाचा) काळ, १२६ म्हणजे सहा-सात, १३० म्हणजे आठ. पोलादी फ्रेम ताणून १२० ची १२६ करतात, म्हणून या एकाच मापावर विसंबू नका.

प्रश्न : अमेरिकेत ‘सेव्हन-इलेव्हन’ संघाची सायकल विकायला आहे, पण फ्रेमवर ‘हफी’ लिहिलंय. ही तर डिपार्टमेंट स्टोअरमधली स्वस्त सायकल. विजेता हिच्यावर कसा बसेल? (न्यू जर्सी)

उत्तर : फ्रेमवर ज्याने संघाला पैसे दिले त्याचं नाव असतं, ज्याने नळ्या झाळल्या त्याचं असेलच असं नाही. इटलीची जिरो दितालिया शर्यत जिंकणारा पहिला अमेरिकी म्हणजे अँडी हॅम्पस्टन, १९८८ मध्ये. ५ जूनला गाविया घाटातल्या बर्फातून तो ज्या सायकलीवर गेला तिच्यावर ‘हफी’च लिहिलेलं होतं. फ्रेम बांधली होती ‘लँडशार्क’च्या जॉन स्लॉटाने. संघातल्या इतर बऱ्याच फ्रेमा बेन सेरोटाच्या कारखान्यातल्या. मिलानच्या व्हिगोरेली ट्रॅकखाली बसून काम करणाऱ्या मासींनीही दुसऱ्या कंपन्यांच्या नावाखाली धावणाऱ्या अनेक बड्या खेळाडूंच्या फ्रेमा बांधल्या.

म्हणून नाव वाचू नका, हात ओळखा. लगच्या कडा कानशीने किती पातळ केल्या आहेत, झाळ किती स्वच्छ आहे, बॉटम ब्रॅकेटचे आटे कुठले आहेत हे बघा. इटालियन असेल तर ७० मिलिमीटर रुंद आणि दोन्ही बाजूंना सुलटे आटे. इंग्लिश असेल तर ६८ मिलिमीटर आणि चेनच्या बाजूला उलटे आटे. फ्रेंच फ्रेममध्ये ३५ मिलिमीटरचे मेट्रिक आटे, दोन्हीकडे सुलटे. दुकानातल्या हफीला या वर्गाच्या नळ्या आणि असं काम मिळणार नाही.

प्रश्न : लिलावाच्या यादीत ‘१९३४ च्या टूर द फ्रान्सच्या विजेत्याची, आल्सियोन कंपनीच्या रंगातली, डिरेलर असलेली सायकल’ दिसली. बोली लावू का? (कोल्हापूर)

उत्तर : लावू नका. १९३० पासून टूरमध्ये राष्ट्रीय संघ उतरू लागले आणि आयोजक आंरी देग्रांज सर्वांना बिननावाच्या पिवळ्या सायकली देऊ लागला. कारखान्यांची जाहिरात बंद करणं हाच त्यामागचा हेतू होता. डिरेलरला टूरमध्ये परवानगी मिळाली १९३७ मध्ये. १९३४ चा विजेता आंतोनँ मान्य होता. त्याने दुसऱ्या शर्यतीत अशी सायकल वापरली असेल, पण यादीत जे लिहिलंय ते दोन ठिकाणी चुकीचं आहे.

प्रश्न : माझ्याकडच्या साठच्या दशकातल्या बियांकीचा रंग खूप उडालाय. ओळखीचा पेंटर हुबेहूब चेलेस्ते रंग देतो म्हणतो. देऊ का? (नाशिक)

उत्तर : नाही. विजेत्याशी नातं सांगणारी फ्रेम असेल तर अजिबात नाही. पहिल्या उत्तरात सांगितलेल्या सगळ्या खुणा त्या उडालेल्या रंगातच आहेत. एकदा सँडब्लास्टिंग झालं की कुठलंही छायाचित्र जुळणार नाही. शिवाय बियांकीचा हिरवट-निळा दर काही वर्षांनी बदलत गेला आहे, त्यामुळे ‘हुबेहूब’ नेमकं कशाशी?

उघड्या पोलादावर गंज चढू नये एवढंच करा. डिस्टिल्ड पाण्यात साध्या सौम्य साबणाचे दोन थेंब, कापसाच्या काड्या, एका वेळी बोटभर जागा. स्टिकरवर थिनर, स्पिरिट, पॉलिश काहीही नको. साठच्या दशकातली पाण्याने चिकटवायची चित्रं स्पिरिटने क्षणात विरघळतात. तांबूस ठिपके अगदी बारीक पितळी लोकरीने हलके पुसा आणि वरून संग्रहालयांत वापरतात तसं मायक्रोक्रिस्टलाइन मेण पातळ लावा. ते पुढे टर्पेंटाइनने काढता येतं, हा त्याचा मोठा गुण.

प्रश्न : इटलीत लेरोइकाला (जुन्या सायकलींच्या फेरीला) जायचं आहे. १९७८ ची, संघातल्या खेळाडूने वापरलेली सायकल नेऊ शकतो का? काय बदलावं लागेल? (पुणे)

उत्तर : तोस्कानातल्या गायोले इन कियान्ती गावातून १९९७ पासून निघणाऱ्या या फेरीत १९८७ किंवा त्याआधीची शर्यतीची सायकल चालते. गिअरचे दांडे खालच्या नळीवर, पेडलला टो-क्लिप आणि पट्टे, ब्रेकच्या केबल हँडलबाहेरून गेलेल्या, हे तिचे नियम. तुमची सायकल बसते. पण रस्ता पांढऱ्या खडीचा आहे आणि चढ तीव्र आहेत, म्हणून आमचा आग्रह आहे की फ्रेम न्या, खेळाडूने हाताळलेले भाग नेऊ नका. मूळ चाकं, क्रँक, हँडल, स्टेम (हँडल धरणारा तुकडा), सीट आणि ब्रेकची रबरं उतरवा, प्रत्येकावर चिठ्ठी लावून कापडी पिशव्यांत ठेवा. त्याच काळातले पण इतिहास नसलेले भाग बाजारात मिळतात, ते बसवा.

मूळ क्रँकवरच जायचं म्हणत असाल तर तिची तपासणी कराच. काम्पान्योलोच्या न्युओवो रेकॉर्ड क्रँकचा दांडा आणि चकतीचे पाच हात जिथे मिळतात, त्या काटकोनी बेचक्यात तडा जातो. कारण बेचका धारदार आहे आणि पेडलवरचा प्रत्येक दाब तिथेच येतो. क्रँक काढायला १५ मिलिमीटरचा पान्हा आणि २२ मिलिमीटर आट्यांचा पुलर लागतो. टीए आणि स्ट्राँगलाइट या फ्रेंच कंपन्यांच्या क्रँकना वेगळे पुलर लागतात, टीएला २३ आणि स्ट्राँगलाइटला २३.३५ मिलिमीटरचा. चुकीचा पुलर अर्धा आत जातो आणि दांड्यातले आटे सोलून बाहेर येतो. क्रँक धुऊन पुण्यातल्या कुठल्याही चांगल्या इंजिनीअरिंग वर्कशॉपमध्ये डाय पेनिट्रंट टेस्ट करून घ्या. लाल रंग फवारतात, दहा मिनिटं थांबतात, पुसून पांढरा डेव्हलपर मारतात. पांढऱ्यावर लाल रेघ उमटली की ती क्रँक भिंतीवर लावायची. स्टेमच्या पकडीखालचं हँडलही असंच तपासा. हँडल बदलताना लक्षात ठेवा, त्या काळातल्या चिनेल्लीची पकड २६.४ मिलिमीटरची आहे. दुसऱ्या कंपनीचं २६.० चं हँडल आवळूनही हळूहळू फिरतं.

गिअरचा विचार आधीच करा. बोल्टच्या वर्तुळाचा व्यास १४४ मिलिमीटर असलेल्या क्रँकवर आतली चकती ४२ दात्यांची येते, फार तर ४१. न्युओवो रेकॉर्ड डिरेलर मागे २६ दाते नीट पेलतो. ४२ ला २६ घेऊन खडीच्या चढावर बहुतेकांना उतरून ढकलावं लागतं. त्यावर उपाय म्हणजे स्ट्राँगलाइट ९९ किंवा टीएची टूरिंग क्रँक, जिच्यावर तिशीच्या आतबाहेरची चकती बसते. दोन्हींना बॉटम ब्रॅकेटचा वेगळ्या लांबीचा अ‍ॅक्सल लागतो, तो क्रँकसोबतच मागवा.

जुनं फ्रीव्हील काढायची वेळ येईल. रेजिनाच्या फ्रीव्हीलला दोनच खाचा असतात आणि अवजार निसटलं की त्या तुटतात. म्हणून अवजार खाचांत बसवल्यावर क्विक रिलीजचा दांडा स्प्रिंगशिवाय घालून नटने ते घट्ट दाबून धरा. अवजार व्हाइसमध्ये पकडा, चाक दोन्ही हातांनी डावीकडे फिरवा. पाव फेरा सुटला की नट सैल करा, नाहीतर सुटणारं फ्रीव्हील दांडाच तोडेल.

ट्युब्युलर (रिमला गोंदाने चिकटवायचे) टायर नवेच घ्या, फ्रेममध्ये मावले तर २८ मिलिमीटरचे. खेळाडूच्या काळातल्या रेशमी टायरचा तळपट्टा वाळलेला असतो आणि वळणावर सुटतो. रिमवरचा जुना गोंद काढून अ‍ॅसिटोनने पुसा. रिमवर आणि टायरच्या पट्ट्यावर पातळ हात मारून रात्रभर वाळू द्या. दुसऱ्या दिवशी रिमवर दुसरा हात, तोही वाळला की तिसरा पातळ हात देऊन, तो चिकट असतानाच टायर वॉल्व्हपासून दोन्ही बाजूंना ओढत चढवा. हवा भरून सरळ करा आणि २४ तास हात लावू नका. बहुतेक अपघात घाईत एकाच हातावर टायर चढवल्याने होतात.

प्रश्न : सीट पोस्ट फ्रेममध्ये घट्ट अडकलाय, तसूभर हलत नाही. (सांगली)

उत्तर : आधी ठरवा, तो काढायलाच हवा का? सायकल खरोखर खेळाडूकडून आली असेल तर सीटची उंची हा पुरावा आहे. मोजा, छायाचित्र घ्या आणि काढायचं असेल तर लगच्या कडेला टेपची खूण करा.

पोलादात अ‍ॅल्युमिनियम आणि मधे घाम किंवा पावसाचं पाणी : अ‍ॅल्युमिनियमचा पांढरा क्षार फुगतो आणि पाचर मारल्यासारखा पोस्ट धरतो. क्लॅम्पचा बोल्ट पूर्ण काढा. बॉटम ब्रॅकेट उघडून फ्रेम उलटी टांगा आणि सीटच्या नळीत आतून गंज सोडवणारं तेल ओता. तीन-चार दिवस रोज थोडं थोडं घाला. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट आकसतं, म्हणून गरम नाही, थंड करा. पोस्ट वरून पोकळ असेल तर त्यात ड्राय आइसचे तुकडे हातमोजे घालून भरा आणि दहा मिनिटांनी प्रयत्न करा. पोस्टचं डोकं व्हाइसमध्ये पकडून फ्रेम सीटच्या आणि हँडलच्या नळीला धरून सावकाश डावी-उजवी फिरवा. मागच्या बारीक नळ्यांना धरून जोर लावला तर त्या वाकतात.

तरीही हलला नाही तर पोस्ट लगच्या वर तीन सेंटिमीटरवर कापा, आतून हॅकसॉचं पातं घालून लांबीने दोन चिरा पाडा आणि पक्कडीने आत दुमडा. पोलादाला पातं टेकलं की आवाज बदलतो, तिथे थांबा. कॉस्टिक सोड्याने पोस्ट विरघळतो खरा, पण रंगही जातो. अशा फ्रेमवर तो उपाय नको. नवा पोस्ट घेण्याआधी नळीचं आतलं माप घ्या. कोलंबस एसएल नळ्यांच्या फ्रेममध्ये तो सहसा २७.२ मिलिमीटर असतो. बसवताना ग्रीस लावा.

प्रश्न : घर समुद्रापासून जवळ. पावसाळ्यात सायकली कशा सांभाळाव्यात? (रत्नागिरी)

उत्तर : खाऱ्या हवेत फ्रेम आतून जाते, बाहेरून कळत नाही. सीट पोस्ट आणि बॉटम ब्रॅकेट काढून प्रत्येक नळीत उकळलेलं जवसाचं तेल किंवा फ्रेमसाठी मिळणारं मेणयुक्त तेल घाला. एका फ्रेमला ३०-४० मिलिलिटर पुरतं. फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवा, रात्रभर निथळू द्या, बाहेर आलेलं पुसा. नळ्यांना असलेली बारीक भोकं बुजवू नका, पाणी त्यातूनच बाहेर पडतं. जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

प्लास्टिकमध्ये गुंडाळणं ही सर्वांत मोठी चूक. आत दमट हवा कोंडते आणि चामड्याच्या सीटला आठवड्यात बुरशी येते. सुती चादर पुरे. खोलीत आर्द्रतामापक लावा आणि डीह्युमिडिफायरने आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. टायरमध्ये दोन-तीन बार हवा असू द्या, म्हणजे ते चपटे पडत नाहीत. खिडकीतलं ऊन स्टिकरवर येऊ देऊ नका.

प्रश्न : परदेशात घेतलेली सायकल भारतात आणताना अडचण येते का? (मुंबई)

उत्तर : येते, आणि बहुतेकांना ती माल बंदरावर आल्यावर कळते. भांडवली माल सोडला तर वापरलेल्या वस्तूंची आयात आपल्या विदेश व्यापार धोरणात निर्बंधित आहे. तिला विदेश व्यापार महासंचालनालयाची परवानगी लागते. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना पुराणवस्तूंचं वेगळं शीर्षक आहे, पण १९५० ची सायकल त्यात बसत नाही. म्हणून सौदा करण्याआधी कस्टम्सच्या दलालाशी बोला, विक्रेत्याचं बिल खऱ्या किमतीचं घ्या आणि विमा ठरवलेल्या रकमेचा उतरवा, बाजारभावाचा नको. पॅकिंग करताना चाकं काढली की फोर्कमध्ये आणि मागे खाचांमधल्या अंतराइतका ठोकळा घालायला सांगा. रिकाम्या खाचा खोक्यावर वजन पडलं की दबतात.

प्रश्न : लान्स आर्मस्ट्राँगच्या सायकलींना आता काही किंमत आहे का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : आहे, पण ती कशाची हे ओळखून घ्या. नोव्हेंबर २००९ मध्ये सदबीजच्या न्यूयॉर्कमधल्या लिलावात त्याची फुलपाखरांच्या पंखांनी मढवलेली ट्रेक पाच लाख डॉलरना गेली. ती सजवली होती डेमियन हर्स्टने, त्यामुळे ती रक्कम चित्रकाराचीही होती. २०१२ मध्ये आर्मस्ट्राँगची सातही टूर विजेतेपदं काढून घेतली गेली. आज त्याची सायकल घेणारा डोपिंगच्या काळाचा दस्तऐवज घेतो. तो हेतू असेल तर जरूर घ्या. गुंतवणूक म्हणून आम्ही सुचवणार नाही.

प्रश्न : खिशात फार पैसे नाहीत, पण विजेत्यांशी नातं असलेलं काहीतरी हवंय. (सोलापूर)

उत्तर : विजेत्याच्या सायकलीऐवजी विजेत्याच्या कारागिराची सायकल घ्या. इंग्लंडमधल्या इल्कस्टनला रॅलेचा खास विभाग १९७४ पासून टीआय-रॅले संघासाठी फ्रेमा बांधत होता. याच संघाच्या योप झुटेमेल्कने १९८० ची टूर जिंकली. तिथेच सामान्य गिऱ्हाइकांनाही मापाने फ्रेम बांधून मिळे आणि तिच्यावर ‘एसबी’ने सुरू होणारा क्रमांक असे. हात तेच, नळ्या त्याच रेनॉल्ड्सच्या, लाल-काळा-पिवळा रंगही तोच. किंमत मात्र संघाच्या सायकलीच्या मानाने अगदी थोडी. क्रमांक स्पष्ट दिसत असेल, फोर्क मूळचा असेल आणि रंगाखाली दुसरा रंग नसेल, तर सुटे भाग नसलेली नुसती फ्रेमही घ्या. त्या काळातले भाग सावकाश जमवता येतात. संघातल्या दुय्यम खेळाडूंच्या सायकलीही अशाच परवडतात. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यासाठी वारा अडवला त्यांच्या सायकलींची छायाचित्रं कमी, म्हणून बाजारात त्यांना मागणी कमी. पण त्याच कारणाने तिथे खोटी कागदपत्रं करायलाही फारसं कोणी बसत नाही.